बर्फावरचं मीठ

तपासणीचा कागद टेबलावर पालथा पडला होता आणि त्याच्याभोवती तीन माणसं आपापली शांतता धरून बसली होती. डॉक्टर हेतल पेनाचं टोपण काढत होती, पुन्हा लावत होती. भागोजी तांडेल आपल्या तळहातांकडे पाहत होता. जाळ्याच्या दोराने वर्षानुवर्षं घासून त्यांवरच्या रेषा इतक्या पुसट झाल्या होत्या की कोणाला त्यांत काही वाचता आलं नसतं. त्याची बायको गोदा खिडकीबाहेरच्या जांभा दगडाच्या गडग्यावर नजर रोवून होती. प्रश्न विचारून झाला होता, उत्तरही देऊन झालं होतं. उरला होता तो उत्तरावरचा अविश्वास, आणि तो चौथ्या माणसासारखा खोलीत जागा अडवून बसला होता.

"काका, मी रागावत नाहीये," डॉक्टर अखेर म्हणाली. "पण साखर गेल्या वेळेपेक्षा वाढली आहे. रोज इन्सुलिन घेणाऱ्याची अशी वाढत नाही. एकदा खरं सांगून टाका, म्हणजे मला पुढचा विचार करता येईल."

"घेतो मी. सकाळी घेतो, राती घेतो."

"बोटीवरसुद्धा?"

"बोटीवरसुद्धा."

डॉक्टरने गोदाकडे पाहिलं. नवऱ्याचं उत्तर बायकोच्या चेहऱ्यावर तपासून घेण्याची सवय तिला इथे प्रॅक्टिस सुरू केल्यापासून लागली होती, आणि बहुतेक वेळा ती उपयोगी पडत असे.

"मला काय विचारता, डॉक्टरीणबाई," गोदा म्हणाली. "दर्यावर माणूस काय करतो ते दर्यालाच ठावूक. गोळ्यापण घेतच होते की हे."

भागोजीने मान वर केली नाही. हा टोला त्याच्या ओळखीचा होता, आणि रास्तही होता.

गोळ्यांच्या काळात तो खोटं बोलला होता. त्या गोळ्यांनी त्याचं पोट ढवळे, आणि मासेमारीच्या बोटीवर पोट ढवळलेल्या माणसाला आडोसा नसतो. मागच्या कठड्याला धरून धावत्या पाण्यावर बसावं लागतं, आणि ज्यांनी एका हाकेवर जाळं ओढायचं तेच खलाशी पाठ वळवून हसत असतात. तांडेल म्हणजे बोटीचा कर्ता. मासा कुठे लागेल, वारा कधी फिरेल, परतायचं कधी, हे त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. हे ऐकणं फार नाजूक असतं; एकदा हसू मिसळलं की ते नासतं. म्हणून गोळ्या एकेक करून समुद्रात गेल्या आणि रिकाम्या पट्ट्या घरी आल्या. पुढे एक भरलेली पट्टी सदऱ्याच्या खिशात राहून गेली आणि धुणं धुताना गोदाच्या हाताला लागली. तिने ती रात्री त्याच्या ताटात वाढली, भाताच्या शेजारी, लोणचं वाढावं तशी.

गोळ्या हरल्या आणि इन्सुलिन आलं, तेव्हा गोदाने त्याच्याकडून नुसता शब्द घेतला नाही. नारळी पौर्णिमेला वाडी बंदरावर जमली होती. नारळ सोडण्यापूर्वी तिने त्याच्या हातातल्या नारळावर आपला हात ठेवला आणि म्हणाली, "मला नको. दर्याला सांगा." भागोजीने सगळ्या खलाशांदेखत सांगितलं की सुई चुकवणार नाही. त्यांच्या खारवीवाडीत माणूस माणसाला फसवी, क्वचित देवळातल्या देवालाही फसवी. नारळ हातात असताना समुद्राला मात्र कोणी फसवत नसे. कारण समुद्र गुन्हेगार निवडून काढत नाही, बोटीत असतील त्या सगळ्यांना सारखं धरतो.

त्या दिवसापासून भागोजीने एकही सुई चुकवली नव्हती. केबिनचं दार लावून घ्यायचा, सदरा दातांत धरायचा, पोटाची चिमूट उचलायचा. दार लावायचा ते लाजेने. हातात सुई धरलेला तांडेल खलाशांच्या डोळ्यांपुढे त्याला नको होता. त्यामुळे त्याच्या खरेपणाला साक्षीदार नव्हता. असता तर काय झालं असतं, हा विचार पुढे त्याने पुष्कळ केला.

औषधाच्या बाटलीची काळजी गोदाकडे होती. पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाली होती, "औषध थंड ठेवा. उष्णतेने ते मरतं." गोदाने विचारलं होतं, "बर्फात चालंल?" बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. "चालेल, डब्यात घालून ठेवा," असं म्हणून डॉक्टरने पुढचं नाव पुकारलं होतं. गोदाचा सगळा जन्म बर्फात गेला होता. ती मासळी बाजारात सुरमई विकायला बसे, आणि दिवस कलला तरी तिच्या सुरमईचे डोळे पहाटेइतकेच निर्मळ असत. यामागची युक्ती शेजारच्या बायकांना माहीत होती: गोदा बर्फावर जाड्या मिठाचा हात फिरवते. नुसता बर्फ थंड असतो. मीठ पडलं की तो चावतो. हाच चावरा बर्फ ती डब्यात भरायची, मधोमध औषधाची बाटली पुरायची, वरून पुन्हा मीठ, त्यावर गोणपाट. डबा बोटीवरच्या बर्फाच्या खणात जायचा आणि बोटीवर भात-कालवण करणारा महिपत त्यात नवा बर्फ भरायचा, मिठाची मूठ न विसरता. घरीही बाटली डब्यातच राहायची. फ्रीजवर तिचा भरवसा नव्हता, वीज गेली की तो नुसतं कपाट होऊन बसे. जगात तिला जे सर्वांत चांगलं येत होतं, ते तिने नवऱ्याच्या औषधासाठी वापरलं होतं.

तपासणीच्या त्या दिवशी दवाखान्यातून दोघं तशीच मिरकरवाड्याच्या बंदरावर आली, कारण बोट संध्याकाळच्या भरतीला सुटायची होती. धक्क्यावर बर्फ चढत होता. फोडलेल्या लाद्यांचा चुरा फळीवरून घसरत खणात पडत होता आणि त्याचा पांढरा आवाज सगळ्या धक्क्यावर पसरला होता.

"काय म्हणाली डॉक्टरीण, तांडेल?" महिपतने वरूनच विचारलं. "भात देऊ का वाढून, का नुसता वास घ्यायची परवानगी हाय?"

भागोजी हसायला गेला, पण त्याच्याआधी गोदा बोलली. "म्हणाली, तुमचा तांडेल खोटारडा हाय."

"गोदा, इथं नको."

"इथंच. नारळ इथंच धरला होतात ना?"

काम करणारे हात मंदावले. महिपत फळीवरून उतरून जवळ आला. नात्याने तो भागोजीचा चुलतभाऊ होता, आणि भांडणात मधे पडायची त्याला खोड होती. "वयनी, असं बोलू नये. फटीतून मी बघितलंय ना एकदा. पोटात सुई टोचत होते."

"टोचताना बघितलंस, मेल्या. सुईत काय होतं ते बघितलंस?" गोदाचा आवाज चढलेला नव्हता, बाजारात भाव सांगावा तसा तो सरळ आणि सर्वांसाठी होता. "पाणी टोचत असतील. दर्याला काय म्हणाले, सुई चुकवणार नाय. सुई नाय चुकवली. औषधाचं कुठं बोलले होते?"

दोघंतिघं हसले. मग ते हसू जागच्या जागी थिजलं, कारण तांडेलाने नारळ धरून दर्यालाच फसवलं, हा तिच्या बोलण्यातला अर्थ सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आला. कोणी भागोजीकडे पाहिलं नाही. सगळे खाली, बोट आणि धक्का यांच्यामधल्या काळ्या, तेलकट पाण्याकडे पाहत राहिले. गोदाला तिथेच कळलं की आपण नवऱ्याला टोचायला निघालो होतो आणि सुई भलतीकडे गेली. पण बोललेला शब्द परत घ्यायची रीत तिला ठाऊक नव्हती. तिने सोबत आणलेला औषधाचा डबा महिपतच्या हाती दिला. "मीठ वर घातलंय," ती म्हणाली आणि गेली.

त्या फेरीत भागोजीची हाक आणि खलाशांची हालचाल यांच्यामध्ये एक अंतर पडलं. फार नाही, श्वासाएवढंच. पण जाळं टाकण्याच्या कामात श्वासाएवढं अंतर फार असतं. परतल्यावर दोघे खलाशी दुसऱ्या बोटीवर गेले. एकाने घराचं काम काढलं, दुसऱ्याने कारणसुद्धा दिलं नाही. पुढच्या फेरीला मासा लागला नाही. त्याच्या पुढच्या फेरीला इंजिन भर समुद्रात बंद पडलं आणि दुसऱ्या बोटीने ओढत आणावं लागलं. असं दर मोसमात होतंच. मात्र या मोसमात त्याला अर्थ मिळाला होता.

ओढत आणलेल्या त्या फेरीतच भागोजीच्या तळव्यात शिंगाळा माशाचा काटा घुसला. शिंगाळ्याचा काटा म्हणजे धडधाकट गड्याला रडवणारी गोष्ट. भागोजीला काहीच कळलं नाही. फळ्यांवर रक्ताचे डाग आपल्यामागोमाग येताना पाहून त्याने पाय उचलला आणि काटा दिसला. आपल्या पायापासून आपण कधीचे दूर गेलो आहोत, हे त्याला त्या क्षणी कळलं. वेदना झाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"आता थोडा आराम करा, तांडेल," बोटीचा मालक म्हणाला. "पाय बरा होऊ दे. बोट कुठं जातेय?" बोट मात्र दोन दिवसांनी गेली, दुसऱ्या तांडेलाबरोबर.

घरी बसल्यावर भागोजी ओटीवर, उघड्यावर, गोदासमोर सुई घेऊ लागला. डब्यातून बाटली काढायचा, हातात चोळून तिचा गारठा घालवायचा. गोदा पाहायची, मग पाहणं टाळायची. "आता दाखवायला घेता होय," ती एकदा म्हणाली. एकदा त्याने बाटली उजेडात धरली. "ह्यात कायतरी पांढरं धरलंय बघ काचेला."

"हलवा. हलवून घ्या म्हणून सांगितलंय ना."

त्याने हलवली. साखर उतरली नाही. डॉक्टर म्हणाली, जखम असली की साखर हट्टी होते; आणि पहिले महिने वाया गेले त्याचं हे देणं आहे, असंही म्हणाली. भागोजीने मान डोलावली. आता तो मान डोलवायला शिकला होता. एका दुपारी तो गोदाला म्हणाला, "कधी कधी वाटतं, मी खरंच घेत नसेन. सगळेच म्हणतात, म्हणजे कायतरी असंल." गोदा कोलीम, तो बारीक जवळा, निवडत होती. तिने ऐकलं की नाही, ते त्याला कळलं नाही.

शिमग्याच्या सुमाराला पायाचा रंग बदलला. अंगठ्यापासून सुरू झालेलं काळेपण घोट्याकडे चढू लागलं, आणि घरात एक वास आला. मासळीच्या घरात वाढलेल्या दोघांनाही त्या वासाचं नाव ठाऊक होतं. दोघांनीही ते उच्चारलं नाही.

मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डातल्या औषधावर भागोजीची साखर पहिल्या काही दिवसांतच उतरली. तिथले डॉक्टर कागद पाहून समाधानाने म्हणाले, "पाहिलंत ना, नियमित घेतलं की उतरते." चांगल्या मनाने म्हणाले. शेजारच्या खाटांनी ऐकलं. भागोजीने तोंड भिंतीकडे वळवलं. साखर उतरल्याचा एवढा आघात त्या वॉर्डात दुसऱ्या कोणाला झाला नसेल. त्याच्या खरेपणाविरुद्ध आता त्याचं स्वतःचं रक्त साक्ष देत होतं.

"घरी घेतलं असतं तर पाय कापायची पाळी आली नसती," गोदा शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईला म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण वाक्य कोरडंच होतं.

पाय गुडघ्याखाली कापला.

घरी सोडायच्या दिवशी संध्या नावाची सिस्टर गोदाला कोपऱ्यात घेऊन सगळं समजावत होती: मलमपट्टी कधी, जेवण किती वाजता, सुई कुठे टोचायची. "आणि मावशी, बाटली कुठे ठेवता?"

"बर्फात. आमच्याकडं बर्फाला तोटा नाय."

"बर्फात म्हणजे कशी?"

गोदाने सांगितलं. त्या महिन्यांत तिला कोणी काही विचारलं नव्हतं, सगळ्यांनी सांगितलंच होतं. म्हणून ती तपशिलाने सांगत गेली. चुरा किती बारीक, बाटली किती खोल, मीठ जाडंच का हवं. "माझी सुरमई तिन्हीसांजेला कडक असते, सिस्टर. बाटलीपण तशीच. हाताला चटका बसतो."

संध्याने लिहायचं थांबवलं. "मावशी, मग ती आत गोठत असेल."

"गोठते कधी कधी. बाहेर काढली की सुटते."

"गोठलं की ते औषध मरतं. मीठ घातलं की बर्फ आणखी गार होतो ना, त्याने ते गोठणारच. वितळल्यावर दिसतं तसंच, पण त्यात जीव नसतो. काचेला पांढरे कण धरतात. कधी दिसले होते का?"

गोदाला ओटीवर भागोजीने उजेडात धरलेली बाटली आठवली.

"पाणी टोचल्यासारखंच ते," संध्या हलक्या आवाजात म्हणाली. मग तिच्याही लक्षात आलं. तिने खाटेकडे पाहिलं, चादरीखाली जिथे एक पाय संपत होता तिथे. "थांबा, मी डॉक्टरांना सांगते. केसपेपरवर वेगळंच लिहिलंय, औषध घेत नव्हते असं."

गोदाने तिचं मनगट धरलं. मासे धरायची सवय असलेला तो हात होता; संध्याला सोडवता आला नाही. "नको, बाय. आता लिहून काय उगवणार हाय?"

"मग निदान काकांना सांगा. त्यांना कळायला हवं. हवं ना?"

"सांगते," गोदा म्हणाली. "घरी गेल्यावर सांगते."

ती सांगणार होती. रिक्षा आरे-वारेच्या रस्त्याला लागली, समुद्र एका बाजूने सोबत आला, आणि भागोजीने त्या बाजूला पाहिलं नाही, तेव्हा ती सांगणार होती. वाडीतली माणसं भेटून गेली, महिपत खाली मान घालून बसून गेला, तेव्हाही. प्रत्येक वेळी वाक्य तिच्या ओठांपर्यंत यायचं आणि तिथे त्याला आणखी वाक्यं फुटायची. औषध माझ्यामुळे मेलं, या वाक्याच्या मागे धक्क्यावरचं वाक्य उभं होतं. त्याच्या मागे गेलेली बोट, बोटीमागे पाय, आणि पायामागे एक सबंध माणूस, ज्याने आयुष्यात एकदाच पूर्ण आज्ञा पाळली होती. एवढी मोठी गोष्ट तोंडातून बाहेर पडेल एवढं माणसाचं तोंड नसतं.

बाटली तिने फ्रीजच्या दारात ठेवली. "बर्फात नाय?" भागोजीने विचारलं. "सिस्टर म्हणाली फ्रीजमधे," ती म्हणाली, आणि त्याने पुढे विचारलं नाही. त्याच्या मनात संशय नव्हता. तिला तेच सोसवत नव्हतं.

चैत्रातली सकाळ होती. ऊन ओटीवर चढलं होतं. गोदाने भरलेली सुई त्याच्यासमोर धरली. भागोजीने सदरा वर केला नाही.

"ठेव ती खाली," तो म्हणाला.

"भरून झालीय. घ्या."

"उद्यापासनं नको. आजपण नको." त्याच्या आवाजात राग नव्हता. "घेत होतो तेव्हा कोणाला खरं वाटलं नाय. आता घेऊन कोणाला दाखवायचं? डॉक्टरीण म्हणंल, बघा, पाय गेल्यावर अक्कल आली. महिपत तसंच म्हणंल. तूपण म्हणशील."

"मी नाय म्हणत."

"बोलत नाहीस. मनात म्हणतेस." तो कापलेल्या पायावर धोतराचा सोगा नीट करत राहिला. "गोळ्यांचं मी फसवलं. ते कबूल हाय. पण सुईचं नाय फसवलं, गोदा. नारळाची शपथ, एकपण नाय चुकवली. साखर का उतरली नाय ते माला ठावूक नाय. डॉक्टरांना ठावूक नाय, तर माला काय कळणार. कळायला नकोच. माला फक्त एक पायजे."

गोदाने हातातली सुई ताटलीत ठेवली.

"बोटीवरच्यांनी नको म्हणायला. डॉक्टरनी नको," भागोजी म्हणाला. "तू एकदा म्हण, तुमी घेत होतात. बस्स. खोटं नको म्हणूस, वाटत असंल तरच म्हण. तुला तसं वाटतं एवढं कळलं तर मरेपर्यंत टोचून घेईन, कुरकुर करणार नाय. नायतर कशाला? सांग ना. वाटतं का तुला?"

तो तिच्याकडे पाहत होता. कित्येक महिन्यांनी सरळ पाहत होता, वारा पडल्यावर पाण्याकडे पाहावं तसा. तिला नुसतं होय म्हणायचं होतं. एवढ्या एका शब्दाने कदाचित उरलेला पाय वाचणार होता, उरलेला माणूस वाचणार होता. पण होय म्हटलं की तो विचारणार, तुला कशावरून ठावूक. आणि न विचारताच त्याने विश्वास ठेवला, तर ते आणखी वाईट होतं. मग तो तिचा कृतज्ञ होणार होता, आयुष्यभर.

"गोदा," तो म्हणाला. "वाटतं का?"

तिने पदर खोचला. उंबऱ्यापाशी पालथी घातलेली मासळीची पाटी उचलून कमरेवर घेतली, पायऱ्या उतरली आणि बेड्याचं फाटक उघडून रस्त्याला लागली.